विज्ञानकथेची भूमि कोणती?

विज्ञानकथा लिहावयाची ती मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेंतील विद्वानानें. नांदेड-लातूरच्या लेखकानें आपली ग्रामीण कथा लिहीत बसावें, असें कित्येक रसिक अद्याप मानतात. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ पहिली आली, तेव्हां तिच्यावर नारायण विनायक जगताप हें टोपणनांव होतें. हस्ताक्षरही लेखकाचें, म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांचें, नव्हतें. एवढ्या ख्यातनाम शास्त्रज्ञानें नांव झांकून न्याय मागितला. आणि आपण मात्र पाकिटावरील गांव वाचतों!

विषयांची वाण म्हणावी, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस जी भूमि हादरली, ती भूकंपाच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याची गणलेली होती. एप्रिल २०१६ मध्यें तहानलेल्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या खेपेस पांच लाख लिटर. हीच कल्पना १९९० सालीं कोणी स्पर्धेस धाडली असती, तर परीक्षकांनीं ‘असंभाव्य’ असा शेरा मारला नसता काय? अंतराळयानांच्या (आणि तीं बहुधा अमेरिकेंतच उतरतात) कथांना बक्षिसें वांटण्यापूर्वीं, परीक्षकहो, मांजरेच्या कोरड्या पात्रांतून आलेली एखादी कथा शेवटपर्यंत वाचा.