मध्यंतर सुटीसाठी नसते

२०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात संसद १३ फेब्रुवारीला थांबली आणि १० मार्चला पुन्हा भरली. मधले साडेतीन आठवडे अनेकांना सुटीचे वाटतात. खासदारही लग्नकार्ये आणि उद्घाटने उरकायला मतदारसंघ गाठतात. वास्तविक हा काळ लोकसभेच्या नियमांनीच कामासाठी राखला आहे. अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा आटोपली की सभागृह थांबते, ते विभागीय स्थायी समित्यांना मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या तपासता याव्यात म्हणून. अहवालही त्याच मुदतीत द्यायचा. मुदतवाढ मागता येत नाही.

या समित्यांच्या बैठकांचे मोल पुढे कळते. सभागृहात मोजक्याच मंत्रालयांवर चर्चा होते आणि उरलेल्या मागण्या शेवटी गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर होतात. म्हणजे बहुतेक खात्यांच्या सचिवांना समोर बसवून ‘गेल्या वर्षीचे पैसे का पडून राहिले, मार्चमध्येच एवढी बिले कशी निघाली’ असे विचारण्याची जागा या समितीच्या खोलीतच उरते. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तीही नव्हती. नव्या लोकसभेच्या या समित्या सप्टेंबरअखेर नेमल्या गेल्या. तोवर पूर्ण अर्थसंकल्प मंजूरही झाला होता. असे पुन्हा घडता कामा नये.

समितीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. कोरम एक तृतीयांशाचा. अकरा जण आले की बैठक कायदेशीर, वीस जण फिरकले नाहीत तरी चालते! हजारो कोटींचा हिशेब तपासायला ही अट फारच सैल आहे. ती निम्म्यावर न्यायला हवी. परवानगीशिवाय लागोपाठ दोन बैठका चुकवणाऱ्या सदस्याला समितीतून काढण्याची तरतूद नियमांत आहेच. पीठासीन अधिकाऱ्यांनी ती पक्ष न बघता वापरावी.

बैठका बंद दाराआड होतात, ते योग्यच आहे. कॅमेरा नसला की सदस्य पक्षाची भूमिका बाजूला ठेवून बोलू शकतात. हजेरी मात्र गुप्त नसते. अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्यांना जोडलेल्या इतिवृत्तात उपस्थित सदस्यांची नावे छापलेली असतात. आपला खासदार ज्या समितीवर आहे, तिचा अहवाल उघडा, त्याचे नाव शोधा आणि ते नसेल तर पुढच्या भेटीत त्याला कारण विचारा.