श्वास रोखला म्हणून ‘मी’ थांबत नाही

गेल्या काही वर्षांत चंद्रपुरात प्राणायामाच्या शिबिरांची भाषा बदलली आहे. पूर्वी सांगायचे, पोट कमी होईल, बीपी उतरेल, झोप लागेल. आता सांगतात, अहंकार विरघळेल, चक्रे उघडतील, आध्यात्मिक उन्नती होईल. सात दिवसांचे शिबिर, पहाटे पाचची वेळ आणि शेवटच्या दिवशी ‘अनुभव-कथन’.

माझा आक्षेप प्राणायामाला नाही. मी स्वतः अनेक पेशंटना संथ श्वसन करायला सांगतो. माझा आक्षेप त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या दाव्याला आहे. तो दावा शरीरशास्त्राला धरून नाही, योगशास्त्रालाही धरून नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर तो काही पेशंटना थेट धोक्यात घालतो.

आधी शरीरात काय होते ते पाहू

‘प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो,’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकले असेल. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी आला. निरोगी माणसाच्या बोटाला लावला तर तो ९७-९८ दाखवतो. म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले आहे. भरलेल्या माठात आणखी पाणी ओतले तर ते बाहेर सांडते, माठ मोठा होत नाही.

मग भस्त्रिकेसारखे जोरजोरात श्वास घेतल्यावर डोके हलके का होते? बोटांना मुंग्या का येतात? ओठ बधिर का होतात? कारण जोराच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त घटते. रक्ताची आम्लता बदलल्यामुळे मज्जातंतू चेतवले जातात, म्हणून मुंग्या येतात, कधी बोटे वाकडी होतात. शिबिरात यालाच ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणतात. मेंदूचा आलेख (ईईजी) काढताना आम्ही डॉक्टर पेशंटला मुद्दाम तीन मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावतो, कारण लपलेली फिट त्यामुळे आलेखावर दिसू शकते. तीच क्रिया गर्दीच्या हॉलमध्ये, फिटचा त्रास आहे का हे न विचारता सगळ्यांकडून करून घेणे कितपत शहाणपणाचे आहे?

संथ श्वासाची गोष्ट वेगळी आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा मेळ बसतो आणि शरीराची ‘पळा किंवा लढा’ ही अवस्था उतरते. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवले की लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयावर सारखाच परिणाम होतो. म्हणजे हा गुण कोणा एका गुरूचा नाही, धर्माचाही नाही. तो शरीराचा आहे आणि फुकट आहे.

एवढे सगळे मला मान्य आहे. पण यातून मन शांत होते. शांत होणे आणि नम्र होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांत मनाचा माणूसही गर्विष्ठ असू शकतो. त्याला फक्त त्याचा त्रास होत नाही, इतरांना होतो.

अहंकार मोजला गेला तेव्हा

२०१८ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात जर्मनीतल्या संशोधकांचा अभ्यास आला. योगवर्गातल्या ९३ जणांना पंधरा आठवडे वेळोवेळी प्रश्नावल्या दिल्या. कधी योगाभ्यासानंतर लगेच, कधी अभ्यास न केलेल्या दिवशी. अपेक्षा अशी की योगानंतर ‘मी’ निवळलेला दिसेल. निघाले उलटे. योगाभ्यासानंतर ‘या बाबतीत मी इतरांपेक्षा चांगला’ ही भावना वाढलेली दिसली. ध्यान करणाऱ्या १६२ जणांच्या दुसऱ्या अभ्यासातही तसेच. गंमत म्हणजे या लोकांना बरे वाटत होते, आणि बरे वाटण्यात या वाढलेल्या ‘मी’चा वाटा होता.

हा एक अभ्यास म्हणजे अंतिम निकाल नव्हे. तो आसनांच्या योगवर्गावर होता, तेही जर्मनीत. पण ‘योगाने अहंकार जातोच’ असे छातीठोक सांगणाऱ्याने निदान या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. मानसशास्त्र सोडा, आपापल्या वॉर्डात बघा. ‘मी पहाटे चारला उठतो, तुम्ही तामसी लोक झोपलेले असता,’ हे वाक्य कोणत्या विरघळलेल्या अहंकारातून येते?

हे परंपरेला आधीच ठाऊक होते

काही वाचक म्हणतील, पाश्चात्त्य अभ्यास आम्हाला सांगू नका. ठीक आहे, आपल्याच घरचे पाहू.

पतंजलीच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा आहे. त्याच्या आधी यम, नियम आणि आसन. यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अहंकाराला पतंजली ‘अस्मिता’ म्हणतो, तिला पाच क्लेशांत धरतो, आणि क्लेश क्षीण करायला तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान सांगतो. प्राणायामाकडून त्याची अपेक्षा मर्यादित आहे: मनावरचे आवरण पातळ होते आणि मन धारणेला लायक होते. पहिल्या पायऱ्या गाळून थेट चौथीवर उडी मारणारे सात दिवसांचे शिबिर कोणत्या परंपरेचे?

हठयोगप्रदीपिकेत तर सरळ ताकीद आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे, तसाच प्राण. नाहीतर तो साधकालाच मारतो. आणि चुकीच्या प्राणायामाने होणाऱ्या त्रासांत उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी यांची नावे आहेत. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांना वाघ सात दिवसांत वश होत नाही हे वेगळे सांगायला नको.

आणि चांगदेव? आख्यायिका म्हणते, योगबळाने त्यांनी चौदाशे वर्षे मृत्यूला हुलकावणी दिली. श्वासावर यापेक्षा मोठा ताबा कोणाचा असणार? तरी ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना, म्हणून कोरे पत्र धाडले. एवढ्या साधनेनंतरही अडले कुठे, तर मायन्यात! पुढे ते वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन भेटीला निघाले. त्यांचा गर्व उतरला तो प्राणायामाने नाही, आणि शेवटी ते शिष्य झाले ते लहानग्या मुक्ताईचे. मराठी माणसाला ही गोष्ट लहानपणापासून माहीत आहे. मग शिबिराचा फलक वाचताना ती नेमकी कशी विसरते?

लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी श्वासाचे हे दावे प्रयोगशाळेत नेले. ते स्वतः साधक होते, तरी मोजमापाला भ्याले नाहीत. आजच्या शिबिरवाल्यांनी त्यांचा फोटो लावण्याआधी त्यांची ही सवय घ्यावी.

नुकसान काय, असे विचारता?

‘फायदा नाही झाला तरी नुकसान काय?’ हा मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. ऐका तर.

दम्याची एक पेशंट, वय चाळीसच्या आसपास. शिबिरात तिला सांगितले की दमा म्हणजे दाबलेला अहंकार, पंपाची सवय म्हणजे अविश्वास. तिने पंप सोडला. बाराव्या दिवशी रात्री तिला आणले तेव्हा एक वाक्य पूर्ण बोलता येत नव्हते. शुद्ध नीट आल्यावर पहिले काय म्हणाली? “माझंच कुठंतरी चुकलं असंल जी.” मला राग येतो तो इथे. औषध तोडले हे वाईटच, पण आजाराचा दोषही पेशंटच्या माथी मारला हे अधिक वाईट. श्वासाच्या व्यायामाने दम्याच्या पेशंटला थोडा आराम पडतो, याला अभ्यासांचा आधार आहे. पण तो औषधासोबत, औषधाऐवजी नाही.

दुसरे, ‘मी’ शांत करा हे कोणाला सांगितले जाते ते बघा. हिमोग्लोबिन सात असलेली सून थकते, तर तिला सांगतात समर्पण कमी पडते. या बाईचा ‘मी’ आधीच घरात कोणाला ऐकू येत नाही. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, सिकलसेलची तपासणी हवी आणि दुपारी तासभर आडवे व्हायला मिळायला हवे. उदास झालेल्या माणसाला ‘हा तुझा अहंकार’ म्हणणे तर आगीत तेल ओतणे आहे.

तिसरे, आपली हवा. शहराला लागून २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे होते. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीतही आपण आहोत. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, धूर आणि धूळ खालीच साचते. एरवी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, जोराच्या श्वसनात त्याच्या कितीतरी पट. घुग्घुस किंवा दुर्गापूरच्या मैदानावर डिसेंबरच्या पहाटे भस्त्रिका करणे म्हणजे तीच धूळ जास्त खोलवर ओढणे. ‘हवा वाईट असली तरी श्वास शुद्ध ठेवा’ असे सांगणारा वक्ता चिमणीचा प्रश्न तुमच्या नाकावर ढकलतो.

मग अहंकाराचे काय?

मी डॉक्टर आहे, आध्यात्मिक गुरू नाही. पण या मातीत ज्यांचा ‘मी’ खरोखर लहान झाला ते दिसत आले आहेत.

वरोऱ्याचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष मुरलीधर देवीदास आमटे मैल्याची टोपली डोक्यावर घेत होते. तरी कुष्ठरोगाने झडत चाललेल्या तुळशीरामला पाहून ते घाबरून पळाले. मग त्या भीतीला तोंड द्यायला परत गेले, त्याची सेवा केली, आणि १९४९ मध्ये आनंदवन उभे राहिले. तुकडोजी महाराजांनी चिमूरजवळ गोंदोड्याच्या जंगलात साधना केली, पण तिथे बसून राहिले नाहीत. खंजिरी घेऊन गावात आले, ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना शिकवली, १९४२ मध्ये तुरुंगात गेले.

आणि श्वासाचेच म्हणाल, तर शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या माणसांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मण्यांचे साधे साधन केले. बालमृत्यू घटले, आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. स्वतःचा श्वास मोजत बसलेला साधक आणि दुसऱ्याच्या लेकराचा श्वास मोजणारी सुईण, यांत ‘मी’ कोणाचा लवकर विसरला जाईल, हे तुम्हीच ठरवा.

तरी प्राणायाम करायचा असेल तर

जरूर करा, असा:

– नाकाने, संथ. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. दिवसातून पाच ते दहा मिनिटे. श्वास कोंडायची गरज नाही.

– गरोदरपण, आटोक्यात नसलेला बीपी, हृदयविकार, फिट, काचबिंदू, हर्निया, नुकतेच पोटाचे किंवा डोळ्याचे ऑपरेशन, टीबीने खराब झालेले फुफ्फुस: यांत कपालभाती, भस्त्रिका आणि लांब कुंभक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कपालभातीनंतर फुफ्फुसाबाहेर हवा साचल्याची घटना २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे.

– सिकलसेलच्या पेशंटने श्वास कोंडून ठेवू नये, भरपूर पाणी प्यावे.

– हिवाळ्यात ऊन चढल्यावर, किंवा घरात.

– चक्कर, मुंग्या, छातीत दुखणे जाणवले तर लगेच थांबा. ते प्रगतीचे लक्षण नाही.

– दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी थुंकी तपासा. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

– पंप, बीपीची गोळी, फिटची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नका. शिबिरात कोणी तसे सांगितले तर त्यांच्याकडून ते कागदावर सहीनिशी मागा आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा.