चंद्रावरील गंधक, वाशिमची माती

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि आठवडाभरातच ‘प्रज्ञान’ने तेथील मातीत गंधक असल्याचे कळविले. त्यासाठी कोणतेही रसायन लागले नाही. लेसरच्या तीव्र झोताने मातीचा सूक्ष्म अंश तापून उजळला. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा ठरलेल्या असतात. त्यांवरून बंगळुरूत घडलेल्या उपकरणाने ते ओळखले.

वाशिम जिल्ह्याचा खरीप सोयाबीनवर उभा आहे आणि तेलबियांना गंधक हवेच. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत त्याची नोंद असते. परंतु नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत पेरणी थांबत नाही. डीएपीत गंधक नसते, सुपर फॉस्फेटमध्ये असते. कोणते पोते उचलावे, हे मातीला विचारण्याऐवजी अंदाजावर ठरते आणि चुकलेल्या अंदाजाचे मोल शेतकरीच चुकवितो.

बांधावर हे तंत्र आणणे सोपे नाही, हे मान्य. चंद्रावर हवा नाही. येथे हवा आणि ओल दोन्ही गंधकाचा वेध कठीण करतात. शिवाय लेसर एकूण गंधक दाखवितो. त्यातील पिकाला किती लाभेल, याचा ताळा स्थानिक मातीच्या रासायनिक चाचण्यांशीच घालावा लागेल. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि अवकाश शास्त्रज्ञ यांनी मिळून हाती घ्यावे, असेच हे काम आहे.

२०१८ साली ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या या जिल्ह्याची आकांक्षा मोठी नाही. चंद्राची माती वाचणाऱ्या राष्ट्राने रिसोड-मानोऱ्याची मातीही वाचावी, एवढीच ती आहे.