विश्लेषण : क्लब गावाचा की मालकाचा?

भूम किंवा परंड्याएवढ्या गावाचा फुटबॉल संघ चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला, असे कुणी पारावर सांगितले तर लोक हसतील. रुमानियात हे घडले आहे. बुखारेस्टपासून साठेक किलोमीटरवर उर्झिचेनी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या युनिरिया उर्झिचेनी या क्लबने २००९ मध्ये देशाची अव्वल लीग जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ग्लासगोत जाऊन रेंजर्सला त्यांच्याच मैदानावर ४-१ असे हरवले. दीड वर्षानंतर, २०११ मध्ये, हा संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि क्लब बरखास्त झाला.

धाराशिवच्या वाचकाला हे कशाला सांगायचे? कारण खेळात नाव काढलेले लहान गाव आपणही आहोत. आपला खेळ खो-खो आहे, एवढाच फरक.

उर्झिचेनीचे नेमके काय बिघडले?

खेळ बिघडला नव्हता. डॅन पेट्रेस्कूसारखा जाणता प्रशिक्षक होता, खेळाडू चांगले होते. पण पैसा एका मालकाचा होता. चॅम्पियन्स लीगचे घरचे सामनेही गावात होऊ शकले नाहीत. ते राजधानीत, स्टेआवा क्लबच्या मैदानावर झाले. म्हणजे गावाने आपला संघ सर्वांत मोठ्या दिवसांत टीव्हीवरच पाहिला. मालकाचा रस संपला, चांगले खेळाडू दुसरीकडे गेले आणि मागे संघ धरून ठेवणारे कुणी उरले नाही. रुमानियात याआधीही असे झाले होते. हुकूमशहा चाउशेस्कूच्या जन्मगावचा, स्कोर्निचेश्तीचा संघ त्याच्या राजवटीत पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि राजवट कोसळताच तिथून बाहेर फेकला गेला. एका ठिकाणी पैसा होता, दुसऱ्या ठिकाणी सत्ता. दोन्हीकडे गाव प्रेक्षकच राहिले.

मग कोल्हापूर का टिकले?

आपल्याकडे फुटबॉलचे खरे गाव म्हणजे कोल्हापूर. संस्थानकाळात राजघराण्याने खेळाला हात दिला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांची 'केएसए', उभी राहिली. पण टिकण्याचे कारण राजाश्रय नव्हे. संस्थान विलीन झाले, तरी खेळ राहिला. कारण संघ पेठांतल्या तालमींचे होते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या पोरांना शाळेच्या आधी कळतात.

तालीम म्हणजे नुसता फुटबॉल संघ नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. तीच तालीम गणपती बसवते, शिवजयंतीची मिरवणूक काढते, कुणाच्या घरी मयत झाली तर तिथलीच पोरे धावतात. त्याच मंडळींच्या वर्गणीतून, पेठेतल्या दुकानदाराच्या मदतीतून बूट आणि जर्सी येतात. एक देणगीदार रुसला तर दुसरा पुढे होतो. हंगाम वाईट गेला तर शिव्या मिळतात, पण पुढच्या हंगामात संघ असतोच. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ समोरासमोर आले की दुपारी शहराचा तो भाग गजबजून जातो, आणि राष्ट्रीय पातळीवरचा सामना नसूनही पायऱ्या भरतात.

याची काळी बाजूही आहे. समर्थकांची हुल्लडबाजी, दगडफेक, थांबवावे लागलेले सामने हे सारे कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. शिवाय एवढी वर्षे खेळूनही तालमीची चौकट ओलांडून देशाच्या संघात गेलेले थोडेच. रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून. तालीम खेळाडू मोठा करतेच असे नाही. खेळ जिवंत ठेवते, हे मात्र नक्की.

आपले चित्र नेमके उलटे

धाराशिवात खेळाडू घडतात. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल २२ वर्षांनी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. राज्याच्या संघाची यादी जाहीर झाली की आपण आधी कंसातली 'धाराशिव' ही अक्षरे मोजतो.

हे मोजून आनंद होतो, तशी थोडी भीतीही वाटते. कारण हा डोलारा चंद्रजित जाधव यांच्यासारख्या मोजक्या प्रशिक्षकांच्या सकाळ-संध्याकाळच्या मेहनतीवर उभा आहे. उर्झिचेनीत पैशाची एकच थुनी होती, आपल्याकडे माणसांच्या दोन-चार आहेत. ही माणसे थकली तर पुढे कोण?

दुसरा प्रश्न निवड न झालेल्या मुलीचा. शाळेत चांगली पळणारी, पण राज्य संघाच्या उंबरठ्यावर थांबलेली मुलगी दहावी-बारावीनंतर कुठे खेळते? बहुतेक वेळा कुठेच नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. आपल्या व्यवस्थेत खेळाचे फळ म्हणजे पदक, प्रमाणपत्र आणि पाच टक्के आरक्षणातली नोकरी. ज्यांना ती मिळाली त्यांचे भलेच झाले. माझी त्याविषयी तक्रार नाही. पण नोकरी न मिळालेलीला शनिवारी संध्याकाळी खेळायला स्वतःचा संघ असू नये का? २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगकडे बोट दाखवून उपयोग नाही. ती सहा संघांची, तीही पुरुषांची.

करायचे काय?

मॅटवरचे मोठे स्टेडियम मागण्याआधी लहान गोष्ट करता येईल. खो-खोला दोन खांब, फक्की आणि सत्तावीस बाय सोळा मीटर सपाट जमीन लागते. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येकात गणेश मंडळे आहेत, ज्यांच्याकडे वर्गणी गोळा करण्याचा दांडगा अनुभव आहे. त्या मंडळांनी मुलींचा एक आणि मुलांचा एक संघ दत्तक घ्यावा, दिवाळीनंतर आपापल्या गावात घरचे सामने ठेवावेत. वयाची वरची अट नको. सासरी आलेली सूनही त्या गावाच्या संघातून खेळू शकेल, अशी नियमात सोय हवी. क्रीडा खात्याने पंच द्यावेत, बाकी पैशाचा हिशेब मंडळाच्या फळ्यावर लागावा, म्हणजे कुणा एकाचा फोटो बॅनरवर मोठा होणार नाही. (निवडणुकीच्या वर्षी हे जरा कठीण जाईल.)

सुरुवात कळंब विरुद्ध वाशी अशी करावी. दोन्ही तालुके शेजारी, पाहुणे संघासोबत गावही येऊ शकेल.