अळीला अक्कल नसते, पाखराला डोळे असतात

लिंबाच्या पानावरची अळी निरखून बघा. लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. परवा पारावर एकजण म्हणाला, "लपायचं कसं हे अळीला बरोबर कळतं." अहो, तिला डोंबल कळतंय! ज्या उठून दिसल्या त्या पाखरांनी उचलल्या. नजरेतून सुटल्या त्यांची फुलपाखरं झाली, अंडी त्यांनीच घातली. पिढ्यान् पिढ्या हेच.

पुरावा पाहिजे? इंग्लंडात एक ठिपक्यांचा पांढुरका पतंग आहे. १८४८ साली मँचेस्टरात त्यातला काळा म्हणजे नवल. कारखान्यांच्या धुरानं झाडांच्या साली काळ्या पडल्या, पांढरे पाखरांना दिसायला लागले. १८९५ पर्यंत तिथं शंभरात ९८ काळे! १९५६ च्या कायद्यानंतर धूर हटला, तसे पांढरे परत वाढले. एकाही पतंगानं अंगाचा रंग बदलला नव्हता.

अन् एनसीईआरटीनं २०२३ च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच काढून टाकली. बारावीला आहे म्हणतात. मी दहावीलाच शाळा सोडली. माझ्यासारख्याच्या पोरानं हे शिकायचं कुठं?