हिरवा दिवा

दिवाळी अंकासाठी या वेळी दिव्यांवर काही लिहा, असे संपादकांनी कळवले, तेव्हा पणत्या नि आकाशकंदील सारे बाजूला राहिले आणि मला आठवला तो आमच्या न्यू जर्सीतील घराच्या तळघरातला, वाटाण्याएवढा हिरवा दिवा. सात वर्षे तो अखंड जळत होता. आणि सात वर्षे आम्ही त्याच्यावर विसंबून होतो.

इकडच्या घरांना तळघर कशासाठी, असे आपल्याकडची मंडळी विचारतात. थंडीत इथली जमीन वरून गोठते, म्हणून पाया त्या थराखाली न्यावा लागतो. एवढे खणायचेच, तर आणखी थोडे खणून एक मजला पदरात पाडून घ्यावा, असा सरळ हिशेब. पण जमिनीच्या पोटात घर केले की पाणी आलेच. म्हणून तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा करतात. आजूबाजूचे पाणी त्यात झिरपते. पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी पाइपातून बाहेर अंगणात पडते. गोम एवढीच की, ज्या रात्री पाऊस कोसळतो त्याच रात्री वीज जाते. म्हणून त्या पंपाच्या जोडीला, थोड्या वरच्या पातळीवर, बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवतात.

२०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ येऊन गेले आणि कित्येक घरे अनेक दिवस अंधारात राहिली. तो धडा घेऊन २०१४ साली आम्ही हा दुसरा पंप बसवला. चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि मी निर्धास्त झालो. पुढे नाना, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. गुडघ्यांमुळे त्यांना जिने नकोसे वाटत, पण तळघरातली शांत खोली त्यांना मनापासून आवडली. एस. टी. च्या वर्कशॉपात उभी हयात गेलेल्या त्या गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात विचारले, "अरे, त्या बॅटरीला पाणी कधी पाजलंस?"

मी ऐटीत हिरव्या दिव्याकडे बोट दाखवले. नाना काही बोलले नाहीत.

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र. आयडा वादळाचे अवशेष आमच्यावर रिते झाले. जवळच्या नेवार्क शहरात त्या एका दिवसात आठ इंचांहून अधिक पाऊस पडला. रात्री वीज गेली. खालून बॅटरीच्या पंपाची घरघर ऐकू आली आणि मी स्वतःवर खूश झालो. दोनच मिनिटांत ती घरघर कण्हल्यासारखी झाली आणि थांबली. मग खालून नानांची हाक आली, "अरे, पाय ओले झाले बघ माझे."

टॉर्च घेऊन मी खाली धावलो. घोट्याएवढे पाणी होते. हिने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून नानांना वर आणले. खुर्चीत टेकताच ते म्हणाले, "तुझ्या गाडीची बॅटरी काढ. तीही बारा व्होल्टचीच आहे. पण तारा उलट्या जोडू नकोस." वीज गेलेली होती म्हणूनच मी पुन्हा पाण्यात उतरलो, एरवी मुख्य स्विच बंद केल्यावाचून कोणी असे उतरू नये. एका गाडीची बॅटरी दमली तेव्हा दुसऱ्या गाडीची लावली. असे करता करता उजाडले. गालिचा गेला, नानांची ट्रंक भिजली, पण बाकीचे निभावले.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कळले की, त्याच रात्री न्यू यॉर्क शहरात तळघरांत राहणारी माणसे बुडून गेली. पुढे आकडा अकरावर गेला. तो ऐकून ही कितीतरी वेळ काही बोलली नाही. मीही.

पाणी ओसरल्यावर नानांनी बॅटरीची झाकणे उघडून मला आत पाहायला लावले. सेलमधल्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या. बॅटरी सतत चार्ज होत राहिली की आतले पाणी थोडेथोडे वायू होऊन उडून जाते. उघड्या पडलेल्या प्लेटा वाळतात आणि निकामी होतात. मग हिरवा दिवा कशाचा? तो फक्त एवढेच सांगत होता की, चार्जरला वीज मिळते आहे. बॅटरीत जीव आहे की नाही, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते!

नवी बॅटरी आणताना नानांनी बजावले, "गाडीची आणू नकोस. ती एका दमात धावणारी. आपल्याला पंढरीची वारी चालणारी हवी." म्हणजे पुष्कळ वेळ सावकाश वीज देणारी, डीप-सायकल जातीची. तीन ते पाच वर्षांनी तीही बदलायची, म्हणून खरेदीची तारीख तिच्यावरच लिहिली.

आता महिन्यातून एकदा पाणी पाहतो. कमी असेल तर प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर. नळाचे नाही, आणि गळ्यापर्यंतही नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार जमला, तर झाकणे बंद ठेवून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसतो. हातमोजे आणि चष्मा घालून. जवळ काडी ओढत नाही, कारण चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो. हायड्रोमीटरवर भरलेल्या सेलचा आकडा १.२६५ च्या आसपास यावा. एखादा सेल बाकीच्यांहून फार मागे राहिला, तर बॅटरी गेलीच म्हणायची.

खरी परीक्षा दर तीन महिन्यांनी. पंप आणि चार्जर, दोन्हींचे प्लग काढायचे, आणि फ्लोट उचलला जाईपर्यंत खड्ड्यात बादल्या ओतायच्या. पंप सुरू झाला की व्होल्टमीटर लावायचा: स्वस्थ बसलेली बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवील, काम करताना ती कोसळते का ते पाहायचे. फ्लोट कुठे अडकत नाही ना, वर गेलेले पाणी व्हॉल्व्हमधून परत येत नाही ना, आणि बाहेर पाइपाच्या तोंडाशी खरेच पाणी पडते ना, हेही. आपल्याकडे ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि बॅटरी पाणी घालायच्या जातीची आहे, त्यांनी झाकणे आजच उघडून पाहावीत.

पंप कितीही चांगला असो, वादळाचा इशारा आला की नानांचे अंथरूण वर. याबाबतीत ही कोणाचे ऐकत नाही.

यंदा खंडेनवमीला मी पंपाला झेंडूचे फूल वाहायला खाली गेलो. नाना खुर्चीत बसलेलेच होते. म्हणाले, "आधी बादली आण. फूल नंतर."