चोरी झांकावी कीं सांगावी?

घरांत चोरी झाली कीं वडील माणसें आधीं दार लावून घेतात. गेलेल्या वस्तूइतकीच चिंता अब्रूची असते. संस्थांचेंही तसेंच आहे. आजचा चोर भिंत फोडीत नाहीं; एखाद्या खोट्या ई-मेलच्या वाटेनें तो संगणकांत शिरतो. विद्यापीठाचें दार तर हजारों विद्यार्थ्यांसाठीं सदा उघडें ठेवावें लागतें. तेव्हां असा प्रसंग ओढवल्यावर देशोदेशींचीं विद्यापीठें कशीं वागलीं, हें पाहण्याजोगें आहे.

अमेरिकेंत नोव्हेंबर १९८८ मध्यें कॉर्नेल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम सोडला, आणि हजारों संगणक ठप्प झाले. त्यानंतर लवकरच, सरकारी साहाय्यानें, अशा संकटांची वर्दी घेऊन उपाय कळविणारें कायमचें केंद्र कार्नेगी मेलन विद्यापीठांत उभें राहिलें.

जर्मनींतील गीसेन विद्यापीठावर डिसेंबर २०१९ मध्यें घाला आला, तेव्हां चालकांनीं सारें जाळेंच बंद केलें. सुमारें ३८,००० जणांना नवे पासवर्ड द्यावयाचे होते, आणि ते ई-मेलनें पाठविणें नियमांत बसत नव्हतें. म्हणून कर्मचारी व विद्यार्थी ओळखपत्र घेऊन रांगेंत उभे राहिले आणि कागदावर लिहिलेला पासवर्ड घेऊन परतले!

त्याच महिन्यांत नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे २६७ सर्व्हर चोरांनीं कुलूपबंद केले. राखीव प्रती त्याच जाळ्यांत असल्यानें त्याही अडकल्या. परीक्षा व संशोधन खोळंबूं नये म्हणून चालकांनीं ३० बिटकॉइन, म्हणजे सुमारें दोन लाख युरो, खंडणी भरली. हें योग्य झालें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होणारच. परंतु ५ फेब्रुवारी २०२० रोजीं जाहीर सभा भरवून त्यांनीं आपल्या चुका उघडपणें मांडल्या. पुढें २०२२ मध्यें खंडणीचा कांहीं भाग पोलिसांमार्फत परत मिळाला. बिटकॉइनचा भाव वाढल्यानें त्याचेच सुमारें पांच लाख युरो झाले, आणि ते गरजू विद्यार्थ्यांसाठीं ठेवण्याचें ठरलें.

ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथील नॅशनल युनिव्हर्सिटींत २०१८ च्या अखेरीस चोर शिरले. तत्कालीन कुलगुरु, नोबेल पारितोषिक मिळविलेले ब्रायन श्मिट, यांच्या कारकीर्दींत ऑक्टोबर २०१९ मध्यें सविस्तर अहवालच प्रसिद्ध झाला. इतर संस्थांनीं त्यांतून शहाणें व्हावें, हा हेतु.

आतां आपल्याही घरीं प्रत्येकाच्या हातीं फोन आहे. आजोबांनीं खोट्या निरोपावर विसंबून पैसे गमावले, तर "तुम्हांला एवढें कसें कळलें नाहीं?" हा पहिला प्रश्न नसावा. बोल लागेल या भीतीनें माणूस दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्यांत पैसे हातचे जातात. १९३० या सरकारी क्रमांकावर तांतडीनें वर्दी दिल्यास ते वाटेंत थोपविण्याची कांहीं तरी आशा असते. एवढाल्या विद्यापीठांना चार लोकांत आपली चूक सांगतां आली; मग आपल्या माजघरांत वडिलांना व मुलांना तेवढें अभय कां नसावें?